मिहानचे काम, लॅपटॉपची बॅटरी आणि बिनपैशाचे कायदेशीर सॉफ्टवेअर

नागपूरच्या वर्धा रोडवर खापरीच्या बाजूला मिहानचा जो पसारा उभा आहे, त्याचा विषय निघाला की लोक मोठमोठ्या कंपन्यांची नावे घेतात. टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल, विमानदुरुस्तीचे केंद्र, एम्सचे रुग्णालय. ही नावे खरीच आहेत. परंतु आमच्या वाचकांचा मिहानशी संबंध येतो तो दुसऱ्या वाटेने. या कंपन्यांना गणवेश शिवून लागतात, फर्निचर लागते, लोखंडी जाळ्या व शेड लागतात, एसी दुरुस्त करणारे हात लागतात, चहा-नाश्त्याचा ठेका द्यावा लागतो, माल वाहायला छोटे टेम्पो लागतात. मोमिनपुरा, हंसापुरी, ताजबाग, जाफरनगर, कामठी या भागांत हे हुन्नर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. काम करण्याची अडचण नाही. अडचण काम मागण्याची आहे.

लेटरपॅडवर हाताने लिहिलेले दरपत्रक घेऊन कंपनीच्या फाटकावर उभे राहण्याचे दिवस संपले. खरेदी विभाग ई-मेलवर चौकशी पाठवतो, सोबत एक्सेलचा तक्ता असतो, त्याच तक्त्यात दर भरून संध्याकाळपर्यंत परत पाठवावा लागतो. काम झाले की जीएसटीचे बिल पीडीएफ करून धाडावे लागते. मोबाइलवर हे होत नाही असे नाही, पण वीस ओळींचा तक्ता मोबाइलवर भरताना एक शून्य इकडचे तिकडे झाले तर सारा नफा जातो. म्हणून आता आपल्या कारखानदारांच्या व ठेकेदारांच्या हाती लॅपटॉप आला आहे. त्यासोबत दोन तक्रारी आमच्याकडे वारंवार येतात. एक, बॅटरी वर्ष-दीड वर्षात बसते. दुसरी, ऑफिस सॉफ्टवेअर महाग आहे, मग चोरीचे टाकून घ्यावे लागते. पहिलीवर बराचसा इलाज आपल्याच हाती आहे. दुसरी तक्रार मुळातच चुकीची आहे असे आमचे स्पष्ट मत आहे.

खरेदी करताना

कंपन्या आपले लॅपटॉप काही वर्षांनी बदलतात व जुने बाजारात येतात. दुरुस्त करून विकलेल्या अशा मालात चांगली यंत्रे अर्ध्याहून कमी भावात मिळतात, आणि छोट्या धंद्याला ती पुरतात. मात्र "हा मिहानच्या कंपनीतला माल आहे" असे सांगून कोणी बिनापावतीचा लॅपटॉप पुढे केला, तर सावध व्हावे. मिहानचा मोठा भाग विशेष आर्थिक क्षेत्र म्हणजे एसईझेड आहे. एसईझेडच्या २००५ च्या कायद्याप्रमाणे तेथील माल बाहेरच्या बाजारात आणायचा तर त्यावर सीमाशुल्क लागू होते व कागद करावे लागतात. म्हणजे रीतसर बाहेर आलेल्या मालामागे कागद असतोच. कागद नसेल तर तो माल कसा बाहेर आला, हा प्रश्न उद्या घेणाऱ्याला विचारला जाईल. पावती घ्यावी, पावतीवर यंत्राचा सिरियल नंबर लिहून घ्यावा, आणि तो नंबर यंत्राच्या पाठीवरील नंबराशी जुळवून पाहावा.

आणखी एक गोष्ट. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून सर्वसाधारण आधार देणे बंद केले. विंडोज ११ ला इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. सहाव्या-सातव्या पिढीचे लॅपटॉप आज फार स्वस्त दिसतात त्याचे हे एक कारण. स्वस्त आहे म्हणून घेऊ नये, पिढी विचारून घ्यावे.

बॅटरीला काय सोसत नाही

आजच्या लॅपटॉपमध्ये लिथियम-आयन जातीची बॅटरी असते. सोनी कंपनीने ती १९९१ मध्ये प्रथम बाजारात आणली. या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. तिचे काम आमच्या विणकर बंधूंना समजावणे सोपे आहे. मागावर धोटा जसा या काठावरून त्या काठावर जातो, तसे लिथियमचे कण चार्जिंग करताना एका बाजूने दुसऱ्या बाजूला जातात आणि वापरताना परत येतात. प्रत्येक फेरीत थोडे कण वाटेत अडकून राहतात, पुन्हा कामास येत नाहीत. त्यामुळे बॅटरी हळूहळू म्हातारी होणारच. साधारणपणे ३०० ते ५०० पूर्ण फेऱ्यांनंतर तिची ताकद मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते. प्रश्न एवढाच की हे म्हातारपण दोन वर्षांत आणायचे की चार वर्षांत.

ते लवकर आणणाऱ्या गोष्टी तीन आहेत: उष्णता, सतत काठोकाठ भरलेले राहणे, आणि वारंवार पार रिकामे होणे. यांत उष्णता सर्वांत वाईट, आणि नागपूरला तिची वानवा नाही.

या विषयाच्या माहितीपुस्तकांत एक हिशेब नेहमी दिलेला असतो, तो कापून ठेवण्यासारखा आहे. बॅटरी ४० टक्के भरून २५ अंश तापमानात वर्षभर पडून राहिली, तर तिची ९६ टक्के ताकद शिल्लक राहते. तीच पूर्ण भरून ठेवली तर ८० टक्के राहते. तापमान ४० अंश असेल तर ४० टक्के भरलेलीची ताकद ८५ टक्के उरते आणि पूर्ण भरलेलीची ६५. साठ अंशांत पूर्ण भरलेली बॅटरी तीन महिन्यांतच ६० टक्क्यांवर येते. वापर काहीच नाही, नुसती पडून असताना ही गत आहे.

आता नागपूरचा मे महिना डोळ्यांसमोर आणावा. नवतप्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तोही सावलीतला. आपला ठेकेदार सकाळी लॅपटॉप शंभर टक्के चार्ज करतो, स्कूटरच्या डिकीत टाकतो, मिहानमध्ये पोहोचतो. तेथे झाडांची सावली कमी, गाड्या उन्हात उभ्या. आत बोलावणे यायला दोन तास लागतात आणि तेवढा वेळ लॅपटॉप डिकीत भाजत राहतो. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा तापलेल्या डिकीत तापमान ६० अंशांपर्यंत जाणे मुळीच अशक्य नाही. म्हणजे वर सांगितलेल्या हिशेबातील सर्वांत वाईट ओळ आपण रोज हाताने लिहीत असतो. लॅपटॉप खांद्यावरच्या पिशवीत सोबत न्यावा. फाटकावर नोंद करावी लागते म्हणून काहीजण तो गाडीत ठेवतात. ती नोंद दोन मिनिटांची आहे, करून घ्यावी.

उन्हातून आल्याबरोबर तापलेला लॅपटॉप चार्जिंगला लावणे हेही वाईट. या जातीच्या सेलना चार्जिंगसाठी ४५ अंशांची वरची मर्यादा सांगितलेली असते. सेलचे तापमान त्याहून जास्त असताना वीज भरू नये. आधी अर्धा तास पंख्याखाली राहू द्यावा, मग चार्जर जोडावा. कूलरच्या झोतासमोर मात्र ठेवू नये. आपले कूलर हवेसोबत पाण्याचे तुषारही फेकतात, आणि ओलाव्याने कीबोर्डखालील पट्टी गंजते. कूलर बाजूने असावा, समोरून नसावा.

जुन्या समजुती

"नवी बॅटरी आधी आठ तास चार्ज करा", "पूर्ण शून्यावर आणल्याशिवाय चार्जर लावू नका" असे सांगणारे दुकानदार अजून भेटतात. हा सल्ला त्यांनी मनाने काढलेला नाही. पूर्वीच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांना अर्धवट चार्जिंगची सवय लागत असे, त्यांच्यासाठी तो होता. बॅटरीची जात बदलली, सल्ला तसाच राहिला. लिथियमच्या बॅटरीला शून्यावर नेणे म्हणजे तिला इजा करणे आहे. २० टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नये आणि रोजच्या कामात ८० च्या वर भरू नये, हा साधा नेम पाळला तरी पुष्कळ झाले. दिवसातून तीनदा थोडे थोडे चार्ज केल्याने काहीही बिघडत नाही.

दुकानात दिवसभर चार्जर लावलेलाच असतो, त्याचे काय, असे अनेकजण विचारतात. बॅटरी भरली की यंत्र आपोआप वीज घेणे थांबवते, त्यामुळे ती जास्त भरून फुटेल ही भीती नको. पण ती सतत शंभर टक्क्यांवर आणि उबेत राहते, हे नुकसान आहे. यावर कंपन्यांनीच सोय दिलेली आहे. लेनोव्होच्या व्हँटेज या प्रोग्राममध्ये 'कन्झर्व्हेशन मोड' असतो. आसूसच्या मायआसूसमध्ये बॅटरीची काळजी घेणारे बटण असते. डेल व एचपीमध्ये हीच सोय त्यांच्या प्रोग्राममध्ये किंवा यंत्र सुरू होताना उघडणाऱ्या बायोसच्या पानावर सापडते. ती चालू केली की यंत्र साधारण ६० किंवा ८० टक्क्यांवरच चार्जिंग थांबवते. फुकटची सोय आहे आणि दहापैकी नऊ लोकांनी ती उघडूनही पाहिलेली नसते. ज्या दिवशी मिहानला किंवा साइटवर जायचे, त्याच्या आदल्या रात्री ती बंद करून पूर्ण चार्ज करावे. परत आल्यावर पुन्हा चालू करावी.

सीझन संपला, ईदनंतर मंदी आली, लॅपटॉप महिनाभर कपाटात राहणार, असे असेल तर निम्मा भरून बंद करून ठेवावा. काठोकाठ भरून नको आणि संपलेला तर मुळीच नको.

तूस, भुसा आणि वेल्डिंग

बॅटरीच्या पुस्तकांत जे लिहिलेले नसते ते आपल्या कारखान्यांत घडते. पॉवरलूमच्या शेडमध्ये हवेत सुताचा तूस उडत असतो. सुताराच्या दुकानात भुसा असतो. शिंप्याकडे कापडाची लव असते. लॅपटॉपच्या पोटात एक छोटा पंखा असतो, तो खालून हवा ओढतो आणि हे सारे आत घेतो. सहा महिन्यांत जाळीवर नमद्यासारखा थर बसतो. हवा जात नाही, प्रोसेसर तापतो, आणि शेजारीच बसलेली बॅटरी दिवसभर शेकत राहते. पंखा सतत घरघरत असेल आणि यंत्राचा तळ हाताला चटका देत असेल, तर बॅटरी बदलण्यापूर्वी पंखा साफ करून पाहावा. कारागिराला दाखवून वर्षातून दोनदा उघडून घ्यावा. घरी ब्लोअर मारायचा असेल तर पंख्याचे पाते काडीने अडवून धरावे, नाहीतर ते वेगाने फिरून बिघडते. गादीवर, रजईवर किंवा कापडाच्या ढिगावर ठेवून लॅपटॉप वापरणे म्हणजे त्याचे नाक दाबणे आहे. दोन लाकडी पट्ट्यांवर ठेवला तरी खालून हवा खेळते.

वेल्डिंगचे किंवा कटरचे यंत्र ज्या बोर्डावर चालते त्याच बोर्डावर लॅपटॉपचा चार्जर लावू नये. चार्जर १०० ते २४० व्होल्टपर्यंतचा दाब सोसतो, पण वेल्डिंगच्या झटक्यांसाठी तो बनवलेला नसतो. वेल्डिंग चालू असताना चार्जर काढून बॅटरीवर काम करावे. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे याचा खरा फायदा येथेच आहे.

चार्जर हरवला तर रस्त्यावरचा सर्वांत स्वस्त घेण्याचा मोह टाळावा. मूळ चार्जरवर ४५ किंवा ६५ वॉट असे लिहिलेले असते. नवा त्याच दाबाचा व तितक्याच किंवा जास्त वॉटचा हवा. टाइप-सी तोंड जुळते म्हणून मोबाइलचा १८ वॉटचा चार्जर लावून पाहणारे आम्ही पाहिले आहेत. त्याने लॅपटॉप एक तर चार्ज होत नाही, किंवा रात्रभर रांगत राहतो.

बॅटरीची तब्येत कशी पाहावी

दुकानदार "बॅटरी गेली" म्हणाला की लगेच पैसे काढू नयेत. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढण्याची सोय आहे. कमांडच्या काळ्या खिडकीत 'पॉवरसीएफजी' या आज्ञेपुढे तिरपी रेघ देऊन 'बॅटरीरिपोर्ट' हा शब्द जोडून, रोमन अक्षरांत, लिहायचा. घरातील कॉलेजला जाणारे मूल हे दोन मिनिटांत करील. अहवालात 'डिझाइन कपॅसिटी' म्हणजे कारखान्यातून निघतानाची ताकद आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' म्हणजे आजची ताकद, असे दोन आकडे असतात. समजा पहिला ५०,००० आहे आणि दुसरा ४१,०००. म्हणजे बॅटरी ८२ टक्के शिल्लक आहे, बदलण्याची गरज नाही. ५०,००० चे २५,००० झाले असतील तर मात्र तयारी करावी. जुना लॅपटॉप विकत घेतानाही हा अहवाल दुकानातच काढून पाहावा आणि त्यावर भाव करावा. असे गिऱ्हाईक दुकानदाराला आवडत नाही, पण भाव उतरतो.

नवी बॅटरी मॉडेलप्रमाणे दोन हजारांपासून पाच हजारांपर्यंत आणि काही यंत्रांची त्याहून महाग पडते. "ओरिजिनलसारखी" म्हणून मिळणाऱ्या बॅटऱ्यांत चांगल्याही असतात, वाईटही असतात. ओळखण्याची एक खूण सरकारने दिलेली आहे. लिथियम बॅटऱ्यांना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. बॅटरीवर मानक चिन्ह, आयएस १६०४६ हा क्रमांक आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असावा लागतो. तो क्रमांक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपवर टाकून खरा की खोटा ते पाहता येते. क्रमांक नसेल तर ती बॅटरी दुकानातच राहू द्यावी.

बॅटरी फुगली तर तो वेगळा प्रकार आहे. बोटाने चालवायची चौकट वर उचललेली दिसते, झाकण नीट बंद होत नाही, यंत्र टेबलावर डुलते. असे दिसताच यंत्र बंद करावे, चार्जर काढावा आणि कारागिराकडे न्यावे. फुगलेली बॅटरी दाबून बसवू नये, टोचू नये. आत ज्वलनशील द्रव असतो, टोचल्याबरोबर पेट घेऊ शकतो. जुनी बॅटरी भंगारवाल्याच्या पोत्यात टाकणे हेही तितकेच धोक्याचे, कारण तेथे ती लोखंडाखाली चेंगरते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तेव्हा नवी घेताना जुनी त्याच दुकानात किंवा कंपनीच्या सेवा केंद्रात द्यावी. आपल्या बिरादरीत भंगाराचा धंदा करणारे पुष्कळ आहेत, त्यांनीही लिथियमचा माल वेगळ्या डब्यात ठेवावा.

चोरीचे सॉफ्टवेअर महाग पडते

बाजारात लॅपटॉप घेतला की दुकानदार विचारतो, "ऑफिस टाकून देऊ?" दोनशे-पाचशे रुपयांत वर्ड, एक्सेल सारे मिळते. हे जवळजवळ नेहमी चोरीचे असते. इंटरनेटवर काही शे रुपयांत मिळणाऱ्या 'की' सुद्धा बहुतेक वेळा दुसऱ्या संस्थेला दिलेल्या परवान्याच्या असतात आणि कधीही बंद पडतात.

कायदा काय म्हणतो ते आमच्या व्यापारी बंधूंनी एकदा वाचून ठेवावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ६३-बी हे कलम, जाणूनबुजून चोरीचा संगणक प्रोग्राम वापरणाऱ्यासाठीच आहे. शिक्षा किमान सात दिवस ते तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० ते दोन लाख रुपये दंड. घरगुती, बिनधंद्याच्या वापरासाठी न्यायालय कैद माफ करू शकते. धंद्यासाठी वापरणाऱ्याला ती सवलत नाही. म्हणजे कायद्याने दुकानदार आणि विद्यार्थी यांत फरक केला आहे, आणि आपण वाईट बाजूला आहोत.

पोलीस कधी येतील हे सोडून देऊ. रोजचे नुकसान वेगळे आहे. चोरीचे सॉफ्टवेअर चालू करणाऱ्या प्रोग्रामांतून विषाणू येतात. काही तर मालकाच्या नकळत यंत्रावर आभासी नाणी तयार करण्याचे काम चालवतात. यंत्र रिकामे असताना पंखा जोरात फिरतो, तळ तापतो, चार तासांची बॅटरी दीड तासात संपते. एवढी निगा राखूनही बॅटरी का टिकत नाही, याचे उत्तर कधी कधी येथे सापडते. आणि दुसऱ्याच्या हक्काची वस्तू न विचारता वापरणे कसे, हे आमच्या वाचकांना आम्ही सांगावे असे नाही.

नव्या लॅपटॉपसोबत कधी कधी मायक्रोसॉफ्टचे ऑफिस येते. त्याचा प्रकार पाहावा. 'होम अँड स्टुडंट' या प्रकाराचा परवाना घरगुती वापराचा असतो, धंद्याच्या बिलांसाठी नसतो. धंद्यासाठी 'होम अँड बिझनेस' किंवा वर्षाच्या वर्गणीची व्यावसायिक योजना लागते. ज्यांचा सारा कारभार एक्सेलवर आहे त्यांनी ती जरूर घ्यावी, खर्च हिशेबात धरता येतो. तसेच ऑफिस २०१६ आणि २०१९ यांचाही आधार १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला, हे जुनी सीडी जपून ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

लिब्रेऑफिस

बाकीच्यांसाठी लिब्रेऑफिस आहे. ते घरी वापरा, दुकानात वापरा, दहा यंत्रांवर टाका, पैसा लागत नाही. ही खैरात नव्हे आणि चोरीही नव्हे. त्याचा परवानाच तसा आहे. त्याचे मूळ स्टारऑफिस या जर्मन प्रोग्राममध्ये आहे. सन कंपनीने तो १९९९ मध्ये विकत घेतला व पुढल्या वर्षी त्याची घडण सर्वांसाठी खुली केली. त्यातून ओपनऑफिस झाले, आणि २०१० मध्ये त्याच्या कारागिरांनी वेगळे होऊन डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था काढून लिब्रेऑफिस सुरू केले. ओपनऑफिस या नावाचा प्रोग्राम अजूनही मिळतो, पण त्यावर काम फार कमी होते. घ्यायचे तर लिब्रेऑफिसच घ्यावे, आणि ते त्यांच्या स्वतःच्या ठिकाणावरून, म्हणजे लिब्रेऑफिस डॉट ओआरजी येथून उतरवावे.

फुकटचे म्हणजे कच्चे असणार, ही शंका रास्त आहे. केरळच्या सरकारी शाळांत वर्षानुवर्षे मुले याच जातीच्या खुल्या सॉफ्टवेअरवर शिकत आहेत. जर्मनीच्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये आपले सुमारे ३०,००० सरकारी संगणक लिब्रेऑफिसवर नेण्याचे जाहीर केले. दरपत्रक व बिलांपुरते काम ते सहज पेलते.

टाकल्यावर तीन गोष्टी लगेच कराव्यात. पहिली, टूल्समधील ऑप्शन्स उघडून 'लोड/सेव्ह'च्या जनरल पानावर तक्ते नेहमी एक्सेलच्या व पत्रे वर्डच्या नव्या प्रकारात जतन होतील असे ठरवून द्यावे. हे न केल्यास फाइल ओडीएस प्रकारात जाते आणि खरेदी विभागातला माणूस "उघडत नाही" म्हणून कळवतो. दुसरी, भाषेच्या जागी इंग्लिश (इंडिया) निवडावे, म्हणजे आकड्यांत लाखाचा स्वल्पविराम आपल्या पद्धतीने पडतो. तिसरी, व्ह्यू मेनूमधील यूजर इंटरफेसमध्ये 'टॅब्ड' निवडावे. एक्सेलची सवय असलेल्याला बटणे मग ओळखीच्या जागी दिसतात.

त्याचे उणेपणही सांगितले पाहिजे. एक्सेलच्या ज्या तक्त्यांत मॅक्रो असतात, म्हणजे बटण दाबले की आतल्या आत हिशेब चालतो, ते यात नीट चालतीलच असे नाही. जीएसटीच्या काही ऑफलाइन साधनांना एक्सेलच लागते. ज्यांची विवरणपत्रे सीए किंवा कर सल्लागार भरतो त्यांना ही अडचण येत नाही, कारण परवान्याचे एक्सेल त्यांच्या यंत्रावर असते. आपण बिलांचा साधा तक्ता पाठवला की झाले. कंपनीने पाठवलेल्या मॅक्रोच्या तक्त्यात दर भरायचे असतील, तर आधी फोन करून साधा तक्ता मागावा. बहुधा मिळतो.

मायक्रोसॉफ्टचे कॅलिब्री व कँब्रिया हे टाइप लिब्रेऑफिससोबत येत नाहीत. त्यांच्या जागी कार्लिटो व कॅलाडिया हे त्याच रुंदीचे टाइप येतात, त्यामुळे पानाची मांडणी सहसा हलत नाही. तरी अंतिम दरपत्रक व बिल पीडीएफ करूनच पाठवावे. पीडीएफचे बटण वरच्या पट्टीतच आहे, वेगळा प्रोग्राम लागत नाही.

इंटरनेट चांगले असेल तर गूगलचे डॉक्स व शीट्स, किंवा चेन्नईच्या झोहो कंपनीचे रायटर व शीट हेही पर्याय आहेत. २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याने आपल्या कार्यालयांना झोहो वापरण्यास सांगितले, तेव्हापासून त्याचे नाव जास्त ऐकू येते. दुकानात एक तक्ता भरला की मिहानमध्ये उभ्या असलेल्या मुलाला तोच मोबाइलवर दिसतो, ही यांची खरी सोय. फुकट खात्याच्या अटी धंद्यासाठी काय आहेत ते मात्र आधी वाचावे, आणि महिन्यातून एकदा सारी कागदपत्रे पेनड्राइव्हवर उतरवून ठेवावीत. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. तेवढ्या काळात खाते बंद पडू शकते, पासवर्ड विसरू शकतो.

मराठी व उर्दू मजकूर

श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा जुन्या टाइपांत लिहिलेले मराठी पत्र दुसऱ्याच्या यंत्रावर उघडले की चिन्हांचा गोंधळ दिसतो. याचे कारण त्या टाइपांनी इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरे बसवलेली होती. आता सर्व लेखन युनिकोडमध्ये करावे. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड आधीपासून असतो, तो फक्त चालू करायचा. मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरीसारखे टाइप फुकट मिळतात. मोमिनपुऱ्यात लग्नपत्रिका छापणाऱ्यांसाठी नोटो नस्तालिक उर्दू हा टाइपही तसाच बिनपैशाचा आहे. लिब्रेऑफिसमध्ये उजवीकडून डावीकडे लिहिण्याची सोय आहे, पण ती ऑप्शन्समधील भाषांच्या पानावर जाऊन चालू करावी लागते. नाहीतर बटणच दिसत नाही आणि माणूस समजतो की उर्दू यात होत नाही.

फाइलला नाव देताना मात्र इंग्रजी अक्षरेच ठेवावीत. काही कंपन्यांच्या यंत्रणा देवनागरी नावाची फाइल स्वीकारत नाहीत. आधी तारीख, मग दरपत्रकाचा क्रमांक, मग आपल्या फर्मचे नाव अशा क्रमाने नाव द्यावे. खरेदी विभागाकडे एका दिवसात 'कोटेशन' नावाच्या वीस फाइली आलेल्या असतात, त्यांत आपली तेव्हाच सापडते.